किती आणि कोण

माणसाने आपला व्यवसाय सांगितला की ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी हालते. डॉक्टर म्हटले की तो मनगट पुढे करतो. मास्तर म्हटले की धाकट्याला गणित कसे जात नाही ते सांगू लागतो. वकील म्हटले की भावकीतला धुऱ्याचा तंटा बाहेर येतो. "मी विम्यात आहे" असे म्हटले की मात्र समोरचे गृहस्थ एकदम घड्याळाकडे पाहतात आणि आपल्याला कुठेतरी जायचे आहे याची त्यांना आठवण होते. आता हा पिशवीतून छापील कागद काढणार, अशी त्यांना धास्ती वाटते.

वास्तविक पॉलिसी विकण्याचे काम मी आयुष्यात एक दिवसही केलेले नाही. मी मागच्या बाजूचा माणूस. आयुर्विमा महामंडळात मी १९८६ साली लागलो आणि २०२३ साली सेवानिवृत्त झालो. या सदतीस वर्षांतली पहिली काही वर्षे इतर गावी गेली. पुढे बदलीने वणीला आलो आणि वणीचाच झालो. इथे माझ्याकडे बहुतेक काळ दाव्यांचे टेबल होते. म्हणजे विमा उतरवलेला माणूस मुदत पुरी करून आपले पैसे न्यायला येतो, किंवा मुदतीआधीच जातो आणि त्याच्या घरचे कोणी येते, ते टेबल. पहिल्या प्रकारची माणसे पेढे घेऊन येत. दुसऱ्या प्रकारची कागद घेऊन येत.

मोठ्या शहरात अशा टेबलाशी बसणारा माणूस अनोळखी राहू शकतो. संध्याकाळी पाच वाजता तो गर्दीत मिसळला की झाले. वणीत ती सोय नाही. इथे मृत्यूची बातमी कागदाच्या आधी मला भाजीबाजारात कळत असे, आणि भाजीवाली मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणे, "साहेब, त्यायचा इमा होता का?" आमचे केशकर्तनालयाचे मालक तर उघडच सांगत, "चहाले कधीही या साहेब, पण फाईल घेऊन येऊ नका बरं!" मीही हसत असे. पण कोणाच्या मयताला गेलो की चार डोकी माझ्याकडे वळत. हा शेजारी म्हणून आला की कचेरीतून आला, असा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असे. खरे सांगायचे तर कित्येकदा तो मलाही पडे.

ज्यांनी वणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेला, निर्गुडेच्या काठी हे गाव आहे. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली इथलाच. रंगनाथस्वामींचे देऊळ हे गावाचे जुने भूषण. जमिनीच्या वर पांढरा कापूस आणि जमिनीच्या खाली काळा कोळसा, अशी आमची दोन पिके. पलीकडे राजूरला चुन्याच्या भट्ट्या. कापूस आणि चुना मिळून जेवढे पांढरे करतात, तेवढे सगळे कोळशाचे ट्रक पुन्हा काळे करून जातात. १९७३ साली दगडी कोळशाच्या खाणी सरकारने घेतल्या आणि त्यानंतर गावाचे रूप पालटत गेले. बिहार, छत्तीसगड, तेलंगण, कुठून कुठून माणसे खाणीवर आली. महिन्याच्या पगारातून विम्याचा हप्ता कापून जाण्याची सोय असल्यामुळे त्यांपैकी पुष्कळांची गाठ आमच्याशी पडे. शेतकऱ्याला मात्र महिन्याचा पगार नसतो. त्याचा हप्ता कापूस मोंढ्यावर जाईल तेव्हा. त्यामुळे आमच्या कचेरीचे पंचांग वेगळे असे. सीतादहीचा नैवेद्य शेतात ठेवून पहिली वेचणी झाली, की थोड्या दिवसांनी आमच्या खिडकीशी रांग लागे, आणि नोटांना सरकीचा बारीक वास येई.

मी ज्या संस्थेत होतो ती किती मोठी, हे वणीच्या त्या खिडकीतून कधी कळत नसे. मोठेपणाचा इतिहास आम्हांला नोकरीत शिकवला गेला. परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना त्याच्याकडून जादा हप्ता घेत, कारण आपला माणूस लवकर मरतो असा त्यांचा हिशेब होता. त्याला साधा, सारखा दर लावणारी पहिली देशी संस्था मुंबईला १८७० साली निघाली, तिचे नाव बॉम्बे म्युच्युअल. पुढे साताऱ्याला १९१३ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली. अशा लहानमोठ्या कंपन्या देशभर वाढल्या. काही सचोटीने चालल्या, काही बुडाल्या आणि बुडताना विधवांचे पैसे घेऊन बुडाल्या. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत असल्याचे जाहीर केले. देशी, परदेशी आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ कंपन्या एकत्र झाल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ उभे राहिले. सरकारचे भांडवल पाच कोटी रुपये, शाखा २१२. मौज अशी की ज्यांनी हे घडवून आणले ते देशमुख त्या दिवशी मंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. मराठी माणसाने लावलेले आंब्याचे झाड आणि पहिला मोहर पाहायला तो अंगणात नाही, असा हा प्रकार.

मी लागलो तेव्हा कचेरीत जाडजूड खातेवह्या होत्या. एकेका पॉलिसीचे एकेक पान, आणि त्यावर तीस तीस वर्षांचे हप्ते वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. पान उलटले की निवृत्त झालेले, प्रसंगी वारलेले कारकून एकामागून एक भेटत. कोणाचा सात गोल, कोणाचा चार उघड्या तोंडाचा. पत्ते छापायला ॲड्रेमा नावाचे यंत्र असे. प्रत्येक विमेदाराच्या नावाची धातूची पट्टी त्यात सरके आणि खटखट आवाज करीत हप्त्याची सूचना बाहेर पडे. उन्हाळ्यात कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून पाण्याचे तुषार वह्यांवर पडत आणि मुख्य लिपिक ओरडत, "अरे, कोणाचे तरी आयुष्य भिजते आहे!" पुढे संगणक आले. वह्या गेल्या, पट्ट्या गेल्या, आणि कामही सुधारले. जुन्या गोष्टींसाठी उसासे टाकण्याचे मला कारण दिसत नाही. ज्या कामाला महिना लागे ते दिवसात होऊ लागले, आणि वाट पाहणाऱ्या बाईला आपल्या उसाशांचा काय उपयोग?

मात्र विम्याचे मूळ गणित वहीत होते तेच संगणकात आहे, आणि ते मला नेहमी अद्भुत वाटत आले. १६९३ साली एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने ब्रेसलाऊ नावाच्या शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदी मिळवून एक तक्ता छापला. त्या शहराला आज व्रोत्सवाफ म्हणतात आणि ते पोलंडमध्ये आहे. कोणत्या वयाची किती माणसे जिवंत असतात आणि पुढल्या वर्षात त्यांतली किती जातात, ते त्याने मांडले. विम्याचा हप्ता ठरवण्याच्या शास्त्राचा पाया तिथे घातला गेला. हा हॅली म्हणजे धूमकेतूवाला हॅलीच. तो धूमकेतू १७५८ साली परत येईल असे त्याने सांगून ठेवले होते. तो आला, पण हॅली १७४२ मध्येच वारला होता. १९८६ साली तोच धूमकेतू पुन्हा येऊन गेला, आणि त्याच वर्षी मी नोकरीला लागलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

हॅलीच्या विद्येची गंमत अशी, की हजार माणसे दाखवा, ती सांगेल की यंदा यांतली इतकी जातील. कोण जातील, ते मात्र तिला मुळीच ठाऊक नसते. आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. माणसे जितकी जास्त, तितका अंदाज पक्का. म्हणून विमा कंपनी मोठी असावी लागते. दहा घरांनी मिळून भिशी चालवता येते, विमा चालवता येत नाही. मुंबईला आमच्या मुख्य कचेरीच्या इमारतीचे नाव 'योगक्षेम' आहे. तिथे मी प्रशिक्षणाच्या निमित्ताने गेलो असताना मला वाटले, या इमारतीला 'किती' ते कळते. वणीच्या टेबलाला 'कोण' ते कळते. आणि आमच्यासारख्यांची नोकरी या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे.

'कोण' हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. आमच्या नोंदींवर विश्वास ठेवला तर अर्धा तालुका १ जुलैला जन्मला आहे. शाळेत नाव घालायला बापाने पोराला नेले, मास्तरांनी पोराकडे एकवार पाहिले आणि तारीख टाकली; तीच पुढे जन्मभर चिकटली. तेलंगणातून आलेल्या कामगाराचे घराण्याचे नाव आधी, तेही एका अक्षरात. ते आमच्याकडे आडनाव म्हणून शेवटी जाई, आणि एका माणसाची दोन माणसे होत. सर्वांत मोठा घोळ बायकांच्या नावाचा. लग्नाआधी विमा उतरवला तेव्हा वारस आई. लग्न झाले, बायको आली, दोन मुले झाली. वारसाचे नाव बदलायचे राहून गेले. किंवा बायकोचे नाव घातले ते माहेरचे, आधारकार्डावर सासरचे, बँकेच्या पुस्तकात तिसरेच, कारण तिथल्या बाबूला ऐकू आले तसे. कोणी मेल्यावर ही तीन नावे माझ्या टेबलावर एकत्र येत आणि ती एकाच बाईची आहेत हे कागदाने सिद्ध करावे लागे. ती बाई समोर उभी असे. तिच्या सासूला मी ओळखत असे. तरीही कागद लागे. "साहेब, तुम्ही मले वळखत नाही का?" असे ती विचारी. "ओळखतो ना बाई. पण पैसे मी देत नाही, कागद देतो. तो मुंबईचा माणूस तुम्हांला ओळखत नाही," असे मी सांगे. हे उत्तर तिला पटे की नाही, देव जाणे. मला मात्र ते पटवून घ्यावे लागे. कारण ओळखीवर पैसे मिळू लागले, तर ज्याची ओळख नाही त्याचे काय?

सुखाचे प्रसंगही पुष्कळ असत, आणि दिवाळी अंकात ते सांगितले पाहिजेत. खाणीवरचा एक फिटर मुदत भरल्यावर पैसे न्यायला आला तेव्हा बायकोला घेऊन आला. वीस वर्षे पगारातून हप्ता कापला जातो हे त्याने तिला सांगितलेच नव्हते. "पगार एवढाच का, म्हणून हिनं वीस वर्षं माझं डोकं खाल्लं," तो म्हणाला, "आज तिच्यादेखत सही करतो." बाईंना रागवावे की हसावे ते कळेना. शेवटी त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि तिथेच, पंख्याखाली, त्या पैशांचे काय करायचे यावर दोघांचे नवे भांडण सुरू झाले. अशा वेळी आम्ही सगळे कान देऊन कागदात डोके घालीत असू.

आणि दुःखाचा सर्वांत अवघड प्रसंग मृत्यूचा नसतो, हेही सांगून टाकतो. मृत्यू झाला आणि पॉलिसी चालू आहे, तर निदान काही देता येते. अवघड प्रसंग तो, जेव्हा पॉलिसी बंद पडलेली असते. हप्त्याची तारीख उलटली की वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. त्यानंतर संरक्षण थांबते. दोन वर्षे भरले, तिसऱ्या वर्षी बियाण्याला पैसे लागले, मग राहिलेच. घरच्यांना वाटते, पॉलिसी आहे. ट्रंकेतून, लुगड्याच्या घडीतून ते बाँड काढतात. कागद कोरा करकरीत असतो. तो हातात घेऊन, "बाई, यात आता काही राहिले नाही," असे म्हणायचे. हा नियम जगातल्या साऱ्या विम्यांना आहे आणि त्याच्यावाचून विमा चालणार नाही, हे मी कोणालाही समजावून देईन. पण ते वाक्य म्हणण्याची कला मला सदतीस वर्षांत साधली नाही.

आता २०१७ सालची एक हकीकत सांगतो. यवतमाळ जिल्ह्याचे नाव त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आले. कापूस पुरुषभर वाढला होता, किडीचा जोर होता, उकाडा होता. फवारणी करणाऱ्यांच्या नाकातोंडात औषध जाऊ लागले. शेकडो माणसे आजारी पडली आणि वीसच्या आसपास दगावली. सरकारने चौकशीसाठी खास पथक नेमले. त्याच दिवसांत आमच्याकडे एक दावा आला. चौतीस वर्षांचा शेतकरी, विमा दोन लाखांचा, पॉलिसीला दहा महिने झालेले. मृत्यूचे कारण, विषबाधा.

वाचकांना यातली अडचण सांगितली पाहिजे. विमा घेतल्यापासून वर्षाच्या आत माणसाने आत्महत्या केली तर विम्याची रक्कम मिळत नाही. भरलेल्या हप्त्यांतले शेकडा ऐंशी परत मिळतात, एवढेच. वर्षानंतर मात्र तो प्रश्न राहत नाही. आमच्या जिल्ह्यात कीटकनाशक हे दोन्ही कामांना लागते. बाटली तीच, दुकान तेच, आणि मेल्यावर कागदावर पडणारा शब्दही तोच. त्यातून तीन वर्षांच्या आतला दावा म्हणजे त्याची चौकशी करावीच लागते. ती माझ्याकडे आली.

मी मोटारसायकलने गावात गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांद्याला लागेल असा कापूस उभा होता आणि औषधाचा उग्र वास अजून हवेत होता. घरी म्हातारे वडील ओसरीवर बसले होते. ते बोलले नाहीत. थोरला भाऊ पुढे झाला. त्याने मला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, "साहेब, काय लिवाचं ते तुमीच सांगा. आमी तसं लिवून देतो." त्याचा दोष नव्हता. गावात त्याला चार जणांनी चार सल्ले दिले होते. आत्महत्या म्हटले तर सरकारची एक लाखाची मदत बसू शकते. फवारणी म्हटले तर काय मिळेल ते नक्की नाही. विम्याचे पुन्हा निराळेच. एका मरणाला दोन शब्द आणि दोन दर, आणि त्यातला कोणता पदरात पडेल याचा हिशेब सख्ख्या भावाला करावा लागत होता. मी म्हटले, "दादा, जे झाले ते लिहा."

मग घरातून त्याची बायको बाहेर आली. पंचविशी-तिशीची असेल. तिला बसायला सांगितले तरी ती बसली नाही. म्हणाली, "साहेब, त्यायनं घेतलं नाही. त्यायले लागलं."

मराठी भाषेत मी जन्मभर वावरलो, पण या दोन क्रियापदांत एवढे अंतर आहे, हे तोवर मला कळले नव्हते.

मी माझ्या रीतीने पाहत गेलो. पाठीवरचा पंप तिथेच कोपऱ्यात होता. झाकणाशी गळत होता. त्या दिवशीचा सदरा तिने धुतला नव्हता. पाठीवर पिवळट डाग होता. त्याच शेतात त्याच्याबरोबर आणखी दोघे फवारत होते. एकाला घरीच उलट्या झाल्या होत्या, दुसरा दवाखान्यात राहून परतला होता. दोघांना मी वेगवेगळे भेटलो. दोघांनी एकच सांगितले, की दुपारी वारा फिरला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि बांधावर बसल्यावर हा उठलाच नाही. दवाखान्याचा कागद पाहिला. पोलिसांचा पंचनामा पाहिला. आमच्या कागदांत अंत्यसंस्काराला हजर असलेल्या माणसाचा दाखला असतो. तो देणाऱ्या गृहस्थांनाही भेटलो. रासायनिक तपासणीचा अहवाल यायचा होता. मी जे पाहिले आणि ऐकले तेवढे दीड पानात लिहून पाठवले. त्यात माझे मत एका ओळीचे होते.

अहवाल यायला वेळ लागला. त्या काळात ती बाई चारपाच वेळा बाजाराच्या दिवशी येऊन गेली. तिने पैशांबद्दल विचारले नाही असे मी म्हणणार नाही. घरात दोन मुले होती आणि बँकेचे पीककर्ज होते. पैशांबद्दल कोण विचारणार नाही? पण प्रत्येक वेळी ती आधी विचारी, "कागदावर काय लिवलं हाय?" अखेर सगळे कागद जमले, दावा मंजूर झाला आणि दोन लाख रुपये तिच्या खात्यात गेले. तिच्या नावाचा घोळ होताच, तोही सुटला. ती आली तेव्हा मी मंजुरीचे पत्र पुढे केले. ते इंग्रजीत होते. ती म्हणाली, "मराठीत सांगा." मी सांगितले, की शेतात फवारणी करताना औषध अंगात भिनून मृत्यू झाला, असे धरले आहे. ती म्हणाली, "हे मले लिवून देता?"

मी एका कोऱ्या कागदावर ते वाक्य मराठीत लिहिले. त्यावर शिक्का नव्हता, क्रमांक नव्हता; कायद्याने त्या कागदाला काही किंमत नाही, हेही मी तिला सांगितले. तिने तो चारपदरी घडी करून बँकेच्या पुस्तकात ठेवला. "पोट्टा मोठा झाला की दाखवीन," म्हणाली, "लोकं त्याले दुसरंच सांगन."

त्या वर्षीच्या मुंबईच्या हिशेबात हा मृत्यू एक आकडा म्हणून गेला असेल, आणि तसाच जायला हवा. हिशेब करणाऱ्याने प्रत्येक आकड्यापाशी डोळे पुसले तर बेरीज चुकेल, आणि बेरीज चुकली तर पुढच्या बाईला द्यायला पैसे उरणार नाहीत. हे 'किती' फार मोठे असते म्हणूनच कोरडवाहू गावातल्या एका घराला, ज्यांचे तोंड त्याने कधी पाहिले नाही अशा लाखो माणसांच्या हप्त्यांतून पैसे मिळतात. पण तिला त्या दिवशी हवे असलेले वाक्य कोणत्याही तक्त्यात नव्हते. ते सांगायला पंप पाहिलेला माणूस लागला.

अलीकडे लोक मला विचारतात, की आता महामंडळाचे कसे होणार. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने आपल्या मालकीतला शेकडा साडेतीन हिस्सा शेअरबाजारात विकला. ९४९ रुपयांना एक शेअर दिला. आमच्या गावातही काहींनी घेतले आणि मग रोज सकाळी देवाच्या आधी भाव पाहू लागले. मला शेअरबाजारातले फारसे समजत नाही. मी त्यांना एवढेच सांगतो, की संस्थेची तब्येत पाहायची असेल तर भाव पाहा, ताळेबंदही पाहा. आणि एखाद्या बुधवारी सकाळी अकरा वाजता आपल्या गावच्या दाव्याच्या टेबलाशी पाच मिनिटे उभे राहा. समोरच्या बाईला कोणी बसायला सांगते का, तिचे नाव पुन्हा विचारून घेते का, ते बघा. सगळ्या विमा कंपन्यांना, सगळ्या बँकांना ही परीक्षा लागू आहे.

आता माझ्या टेबलाशी दुसरे कोणी बसते. मुलगी हुशार आहे. संगणकावर तिची बोटे माझ्या बोटांच्या चौपट वेगाने चालतात. निरोपाच्या दिवशी तिने मला विचारले, "सर, काही सांगायचंय?" मला मोठेसे काही सुचेना. मी म्हटले, "खुर्ची दोन ठेव. एक बाईसाठी, एक तिच्याबरोबर आलेल्या माणसासाठी. बरोबर आलेला माणूस उभा राहिला की घाई करतो." ती हसली, पण खुर्ची आणून ठेवली.

दिवाळीत सगळे दिवे देवांसाठी आणि पाहुण्यांसाठी लागतात. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मात्र एक दिवा यमासाठी असतो. कणकेचा दिवा, वात दक्षिणेकडे, आणि घरात कोणाला अकाली मरण येऊ नये एवढेच मागणे. कोळशाच्या वसाहतीत, कुणब्याच्या ओसरीवर, नव्या सदनिकांच्या जिन्यात, सगळीकडे त्या वेळी तोंड दक्षिणेला असते. वर्षातून एका संध्याकाळी सारे गाव ज्या गोष्टीकडे पाहते, तिच्याकडे पाहत बसणे हे माझे रोजचे काम होते. त्याने माझी वृत्ती उदास झाली असे मला वाटत नाही. उलट, चकली थोडी कडक झाली म्हणून घरात वाद झाला तर मी पटकन माघार घेतो. यंदाही आमच्याकडे सौभाग्यवती कणीक मळतील, मी दिवा उंबऱ्याबाहेर ठेवीन, आणि वारा असेल तर हाताचा आडोसा करून थोडा वेळ तिथे उभा राहीन.